विमान तुझ्या स्वाधीन

विमानात एक गोष्ट सोडून बाकी सगळं खोटं खपून जातं. भीती वाटते का विचारलं तर छे म्हणा, डबा आवडला का विचारलं तर वा म्हणा, कोणी तपासायला येत नाही. पण विमान कुणाच्या हातात आहे, हे मात्र खरंच सांगावं लागतं. शिकवायच्या विमानात दोघांपुढे सारखंच सगळं असतं. दोघांनाही वाटलं की दुसरा चालवतोय, तर कोणीच चालवत नसतं. म्हणून देणाऱ्याने मोठ्याने सांगायचं आणि घेणाऱ्याने मोठ्याने परत म्हणायचं, हा नियम. सगळे हे इंग्रजीत म्हणतात. धारच्या धावपट्टीवर मी मात्र ते मराठीत शिकले.

"विमान तुझ्या स्वाधीन."

"विमान माझ्या स्वाधीन."

स्वाधीन! हा शब्द आता कोर्टाच्या कागदातसुद्धा कोणी लिहीत नसेल. काका वापरायचे. काका म्हणजे सख्खे नव्हेत, मला उडायला शिकवणारे माझे गुरू. त्यांचे पूर्वज कधीकाळी धारच्या दरबारात कारकुनीवर आले. दरबार गेला, पण घरातलं मराठी दरबारीच राहिलं. एका छोट्या गणपतीच्या देवळाची पूजाही त्यांच्या घराकडे चालत आलेली. सकाळी विमान, संध्याकाळी गणपती, असा त्यांचा दिवस. मी देवासची. बाबा सरकारी शाळेत शिकवायचे. माझी शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, भांडणं मालवीत, आणि मराठी जेवणाच्या ताटापुरतं.

चौदा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा धावपट्टीवर गेले तेव्हा माझं आडनाव ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "देवासची का गं? थोरली पाती की धाकटी?" मला काय माहीत! देवासला एकेकाळी दोन राजे होते, दोन पाती होत्या, हे ऐकून होते, पण आपण कुठल्या हे कोण लक्षात ठेवतं? बाबांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, "धाकटी." काका म्हणाले, "चालेल. उडायला दोन्ही पातींना एकच आकाश आहे." मी हसले, आणि झालं, त्या दिवसापासून मी घरची.

घरची असले तरी एक शिस्त होती. पंखा फिरला की सर, पंखा थांबला की काका. विमानाच्या पुढच्या पात्यांना आमच्याकडे सगळे पंखाच म्हणतात. वर असताना मी चुकून काका म्हटलं तर ते ऐकूच आलं नाही असं करायचे. खाली उतरून पंखा थांबला आणि मी सर म्हटलं, तर म्हणायचे, "सर कोण? सर वरती राहिले." मला ही पद्धत फार आवडायची. वर कितीही शिव्या खाल्ल्या तरी खाली उतरल्यावर त्या सरांच्या असायच्या, काकांच्या नाही.

शिक्षण अर्ध्यावर असताना बाबा गेले. काका तेराव्याला देवासला आले, आईसमोर सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, पोरीची काळजी आता माझ्याकडे." त्यांनी शब्द पाळलाही. लायसन्स झालं, पुढे तिथेच मी शिकवायलाही लागले. आठवडाभर धारला भाड्याच्या खोलीत, रविवारी देवासला आईकडे. माझ्या हाताखालून किती पोरंपोरी उडून गेली. मी लग्न केलं नाही, फारसं कुठे गेले नाही. मला त्या धावपट्टीशिवाय दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगू, यायला नकोही होतं.

यंदाच्या हिवाळ्यात वरून हुकूम आला. दोन्ही जुनी विमानं विकणार, त्यांच्या जागी नवीन येणार. ज्याचा नव्यावर चेक होईल, म्हणजे बाहेरून येणारा परीक्षक ज्याला पास करेल, तोच यापुढे शिकवेल. बाकीच्यांना नमस्कार. शिकवणारे तर आम्ही दोघंच उरलो होतो. काकांना आधीच बाहेरगावी पाठवून नव्या विमानावर तयार करून आणलं होतं. ते मला तयार करणार, मग परीक्षक येणार. पास झाले तर धावपट्टी माझी, नाही तर चौतिसाव्या वर्षी देवासला घरी बसून आईबरोबर मालिका बघा.

आमची जुनी विमानं म्हणजे घरची म्हैस. कशीही हाका, गोठ्यात बरोबर येते. पंख डोक्यावर, पोट जाडजूड, वाऱ्यात खडखडत जायचं. नवीन आलं ते पांढरंशुभ्र, गुळगुळीत, पंख खाली आणि लांबच लांब, समोर काट्यांची घड्याळं नाहीत, टीव्हीसारखे दोन पडदे. पहिल्या दिवशी मी त्याच्या पंखावर पाय ठेवून आत चढले तेव्हा नव्या सुनेसारखी वागत होते. कशाला हात लावू आणि कशाला नको, तेच कळेना.

पण दोन दिवसांत रुळले. जुन्यावर तिरकं वळण घ्यायचं म्हणजे दंड भरून यायचे. इथे दोन बोटांनी वळायचं, मी सवयीने ओढलं तर नाक आभाळात. वेग पार कमी करून विमान मुद्दाम पाडायचं आणि सावरायचं, हा आमचा जुना खेळ. जुनं विमान असं पडताना एक पंख टाकायचं आणि मी पायाने पेडलला सणसणीत लाथ घालून ते सरळ करायचे. नवीन पडतच नाही धड, नुसती मान डोलावतं. मी आपली सवयीने लाथ घातली, तर बिचारं गर्रकन फिरलं. सर ओरडले, "ए बाई! लाथ कशाला? त्याने तुझं काय केलंय?" तिसऱ्या वेळी माझा पाय शहाणा झाला. अवयवांना एकेक करून समजवावं लागतं, आधी पाय, मग दंड. हात सगळ्यांत शेवटी ऐकतो.

हाताचं जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जुन्या विमानात गाडीसारखं चाक असतं, दोघांच्या छातीसमोर एकेक. शिकवणाऱ्याने हात लावला की शिकणाऱ्याला दिसतो. शिवाय काका उतरताना दोन टाळ्या वाजवायचे, हात मोकळे आहेत हे सांगायला. नव्यात चाक नाही. दोघांच्या गुडघ्यांमध्ये एकेक दांडा. मी डावीकडे, सर उजवीकडे, आणि त्यांचा दांड्यावरचा हात पलीकडच्या दरवाजाच्या बाजूचा. त्यात त्यांच्या मांडीवर नेहमी ती भली मोठी लिहायची पाटी बांधलेली. नव्यावर टाळ्या बंद झाल्या होत्या. मला वाटलं, जागा कमी आहे म्हणून.

उतरण्याचा एक नियम काकांनी मला पहिल्या महिन्यात शिकवला होता. पुस्तकात लिहिलाय त्याहून पाच नॉट जास्त वेग ठेवून यायचं. "हे घरचे पाच," म्हणायचे. "घरी कोणीतरी वाट बघतंय, त्यांच्या नावाचे." बाबा गेल्यावर तर मी ते पाच जपमाळेसारखे धरले. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांनाही शिकवले. जुन्या विमानात ते खपतात. जाड पोट, पंखामागच्या मोठ्या झडपा, म्हणजे फ्लॅप, जमिनीपर्यंत येता येता ते पाच कुठे गेले कळतही नाही. नव्यात ते जात नाहीत. विमान धावपट्टीवर हातभर उंचीवर तरंगत राहतं, बसायचं नावच घेत नाही. मग घायकुतीला आलेला माणूस काय करतो? दांडा थोडा पुढे देतो. बस बाई एकदाची! आणि तिथेच घात होतो. पुढचं चाक आधी आपटतं आणि विमान चेंडूसारखं उडतं.

हे मला आज माहीत आहे. तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मी नव्या विमानाने तीस वेळा उतरले, शेजारी सर, आणि तीसही वेळा ते लांब तरंगलं आणि शेवटी मागच्या चाकांवर अलगद बसलं. आमची धावपट्टी लांब आहे, कोणाचं काही बिघडलं नाही. दर वेळी फाट्यावरच्या घरावरून येताना सर म्हणायचे, "विमान तुझ्या स्वाधीन," मी म्हणायचे, "विमान माझ्या स्वाधीन," आणि खाली आल्यावर काका म्हणायचे, "वा! शिकली पोरगी." मी आईला फोन करून फुशारकी मारली, "आई, हे तर आपोआप बसतं गं, लोण्यासारखं." आईने टेकडीवर जाऊन देवीची ओटीसुद्धा भरली.

परीक्षक आले ते शिडशिडीत, कमी बोलणारे गृहस्थ. हिंदीत बोलत होते. विमानात बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही हात घडी घालून काखेत ठेवले आणि ते पुन्हा बाहेर काढलेच नाहीत. तिरकी वळणं झाली. पाडणं, सावरणं झालं. "बढ़िया," म्हणाले. मी मनात म्हटलं, आता उतरणं काय, घरचंच कार्य.

वारा नव्हता. हरभऱ्याची शेतं खालून गेली, फाट्यावरचं घर गेलं, घरचे पाच धरून मी धावपट्टीवर आले. थ्रॉटल मागे घेऊन इंजिन मंद केलं, नाक जरा वर धरलं, विमान तरंगायला लागलं. रोजचंच. रोजच्यासारखीच माझ्या हाताने घाई केली आणि दांडा पुढे दिला. आता ऐका. रोज तो दांडा पुढे जायचाच नाही. मऊ अडायचा. मी समजायचे, या विमानाचा दांडा असाच आहे, जमिनीजवळ जड होतो. त्या दिवशी तो सरळ पुढे गेला.

धाडकन पुढचं चाक आपटलं. विमान उडालं, मी घाबरून परत पुढे दाबलं, परत आपटलं, त्याहून उंच उडालं. परीक्षकांचे हात काखेतून निघाले. "आय हॅव कंट्रोल!" त्यांनी इंजिनाचा पूर्ण जोर उघडला आणि आम्ही पुन्हा वर गेलो. वर गेल्यावर त्यांनी विमान सरळ केलं. मग अगदी सभ्यपणे विचारलं, "मैडम, कितनी लैंडिंग की हैं इस पे?"

"तीस."

"अपने हाथ से?"

माझं डोकंच फिरलं. बारा वर्षं शिकवतेय मी, हा मला विचारतो अपने हाथ से! "जी हाँ, अपने हाथ से," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. खाली उतरल्यावर कागदावर काय लिहिलं असेल ते सांगायला नको. नापास. पंधरा दिवसांनी परत येतो म्हणाले, शेवटची संधी.

काका हँगरच्या दारात उभे होते. माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, "वारा होता गं. आडवा वारा होता." मी वाऱ्याच्या पिशवीकडे बघितलं. पिशवी खांबाला मेलेल्या सापासारखी लोंबत होती. काकांनीही बघितलं. मग कोणीतरी हाक मारल्यासारखे ते ऑफिसकडे निघून गेले. हाक कोणी मारली नव्हती.

आमचा मेकॅनिक पुढचं चाक तपासायला खाली आडवा झाला होता. धारचाच, मालवी माणूस, काकांना बड़े भिया म्हणतो. खालूनच बोलला, "कंई हुयो दीदी? आज बड़े भिया साथ में नी थे, इसलिए?"

"त्यांचा काय संबंध?"

तो बाहेर आला. माझ्याकडे बघून त्याच्या लक्षात आलं की आपण काहीतरी बोलून बसलोय. मग अडखळत सांगितलं. महिन्याभरापूर्वी दरवाजातून आवाज येतो म्हणून तो मागच्या सीटवर बसून आमच्याबरोबर वर आला होता. मागून त्याला सगळं दिसत होतं. उतरताना बड़े भियांनी पाटीखालून हात घातला, दोन बोटं दांड्याला लावली, आणि विमान बसेपर्यंत काढली नाहीत. तीन वेळा उतरलो, तीनही वेळा. "हमको लगा आपको मालूम है, दीदी," तो म्हणाला.

मला आधी राग आला नाही. आधी लाज आली. कपडे घालायला विसरून बाजारात गेल्यासारखी. राग नंतर आला, आणि आला तो असा आला की मी स्कूटर काढली आणि थेट देवळात गेले.

काका गणपतीपुढे बसून चंदन उगाळत होते. "ये," म्हणाले. "प्रसाद घेऊन जा."

"काका, तुमचा हात दांड्यावर असायचा?"

सहाणेवरचा हात थांबला. "हात नाही," ते म्हणाले. "दोन बोटं."

"दोन बोटं! तीसही वेळा?"

"हळू बोल. देऊळ आहे." मग खाली बघत म्हणाले, "पहिल्या दिवशी वाटलं, उद्यापर्यंत हात बसेल तुझा. मग रोज वाटलं, उद्या सांगू. मग तू आईला कळवून बसलीस. वहिनींनी ओटी भरली. मग कसं सांगणार?"

"तोंडाने सांगायचं होतं! दुसरं कशाने सांगतात?"

"अगं, घरच्या पोरीला सगळ्यांसमोर नापास करू का मी? सांभाळून घेतलं, बस. पूजेला गुरुजी म्हणत नाहीत का, हाताला हात लावा? नवरा पाणी सोडतो, बायको हाताला हात लावते. पूजा दोघांची होते. त्यात खोटं काय आहे?"

आमच्याकडे हे असंच आहे. धार-देवासची मराठी घरं मोजकी, सगळे एकमेकांना धरून. कोणाची पोळी करपली तर सासू गुपचूप उलटवते, कोणाचा मंत्र अडला तर शेजारचा मोठ्याने म्हणतो. उणंदुणं झाकायचं, बोभाटा होऊ द्यायचा नाही. यालाच आम्ही माया म्हणतो. इतकी वर्षं मीही म्हणत आले.

"पूजेत गुरुजी ओरडून सांगतात, हाताला हात लावा म्हणून," मी म्हटलं. "सगळ्यांना ऐकू जातं. तुम्ही काय म्हणायचात? विमान तुझ्या स्वाधीन! आणि पाटीखालून बोटं! माझ्या जिवाशी खेळलात तुम्ही, काका. मी उद्या एखाद्या पोराला घेऊन वर गेले असते तर?"

ते पुन्हा चंदन उगाळायला लागले.

"आणि घरचे पाच? नव्या विमानात ते चालत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी चंदनाचं बोट गणपतीपुढच्या उंदीरमामाला लावलं. मग म्हणाले, "मलाही बाहेरगावी शिकताना दोनदा आपटून उडवलं त्या विमानाने. कोणाला बोललो नाही मी. चाळीस वर्षं जे शिकवलं, ते आता..." 

तेव्हा मला कळलं. माझी दया वगैरे होती, नाही असं नाही. पण खरी गोष्ट ही, की माझी चूक सांगायची तर आपलंच शिकवलेलं चुकलं हे आधी सांगावं लागलं असतं. ते त्यांच्या तोंडातून निघेना. त्यापेक्षा दोन बोटं सोपी. मी प्रसाद न घेता निघाले.

देवासला गेले. आईला सगळं सांगितलं. वाटलं, ही तरी चिडेल. आई कोथिंबीर निवडत म्हणाली, "पण पडू तर नाही ना दिलं तुला? वाईट तर नाही चिंतलं माणसाने!"

"आई, फसवलं त्यांनी मला!"

"फसवलं काय! तुझी चौथीतली बक्षिसाची रांगोळी, ती काय तू काढली होतीस? तू गेलीस पाणी प्यायला, मी येऊन मोर पूर्ण केला."

अरे देवा! रांगोळीसुद्धा? ते बक्षीस, तो स्टीलचा डबा, अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. त्यात पोह्यांवर घालायचं जिरावन असतं. मी तिथून उठले आणि माझी उड्डाणाची वही काढून बसले. चौदा वर्षांची वही. यातलं माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं? डोकं सांगत होतं की वेडे, तू बारा वर्षं स्वतः शिकवतेयस, शेकडो वेळा एकटी उतरलीस. पण जीव ऐकत नव्हता. मग एका पानावर थांबले. पहिलं एकटीचं उड्डाण. त्या दिवशी काका खाली उतरले होते, रिकाम्या सीटचा पट्टा स्वतः बांधला होता, दारावर थाप मारली होती. मी शेजारी बघितलं तर कोणी नव्हतं. ते एक तरी पक्कं माझं. ते पान मी कितीतरी वेळ उघडं ठेवलं.

परत धारला गेले. गंमत अशी की नव्या विमानावर शिकवायचा परवाना अख्ख्या धावपट्टीवर काकांकडेच. ज्याने बुडवलं त्याच्याच होडीत बसायचं. मी त्यांना म्हटलं, "एका अटीवर. उतरताना तुमचे दोन्ही हात वर पडद्यांच्या कट्ट्यावर. मला दिसले पाहिजेत."

"अगं, पोलिसांनी धरल्यासारखं दिसेल ते."

"दिसू दे."

पाटी त्यांनी स्वतःच मागच्या सीटवर टाकली. वर गेलो. फाट्यावरच्या घरावर सरांनी दोन्ही हात उचलून कट्ट्यावर ठेवले, तळवे पालथे. "विमान तुझ्या स्वाधीन." मी परत म्हटलं. पहिल्यांदा तरंगलं, मी पुढे दाबलं, चाक टेकलं, टणकन उडालं. या वेळी मी सावरत बसले नाही, इंजिन उघडलं आणि पुन्हा वर गेले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा फिरून येताना सर समोर बघतच बोलले, अगदी हळू, "पाच सोड."

"काय?"

"घरचे पाच. सोड ते. इथे चालत नाहीत. मी चुकलो." थांबून म्हणाले, "आणि बसवू नकोस त्याला. थांब. धरून थांब. ते बसेल."

मी पाच सोडले. बाबांच्या नावाचे, आईच्या नावाचे, सगळे. धावपट्टीवर आले, नाक धरलं, आणि वाट बघत राहिले. त्या वाट बघण्यात माझी नजर एक क्षण कट्ट्यावर गेली. सरांचे हात तिथेच होते, पण बोटं स्वस्थ नव्हती. उजव्या हाताची दोन बोटं हळूहळू मागे वाकत होती, अगदी बारीक, विमान बसायला जेवढं ओढावं लागतं तेवढीच. आजवर मी ज्याला दांड्याचा जडपणा समजत होते, तो मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. खाली माझा हात एकटाच ओढत होता. मागची चाकं टेकली. पुढचं चाक नंतर, सावकाश.

पंधरा दिवसांनी परीक्षक आले, हात काखेत घालून बसले, आणि ते काढायची वेळ आली नाही. उतरून विमान हँगरपुढे उभं केलं. इंजिन बंद केलं. त्यांनी सही केली, "अब है अपने हाथ से," म्हणाले आणि चहाला गेले. मेकॅनिकने लांबूनच दोन्ही हात उंच केले. मी बसूनच राहिले थोडा वेळ. धावपट्टी माझी झाली होती, आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते आनंदाचं होतं असं कोणी म्हणू नये.

काका चालत आले. हातात पेढ्यांचा पुडा. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळलेला बघत होते. मला खूप वाटत होतं, खाली उतरावं, पाया पडावं, जुनं सगळं परत जसंच्या तसं व्हावं. मी खाली उतरलेही. पायाही पडले.

"मग?" ते म्हणाले. "आता तरी काकावरचा राग गेला का?"

मी पेढा घेतला. "थँक यू, सर," मी म्हटलं.

त्यांनी पंख्याकडे बघितलं. पंखा कधीचा थांबला होता.